२२९ अंशांचे तेल ९८ अंशांवर कसे निघते?

कोल्हापुरात पावसाळ्यात गवती चहाच्या पातीशिवाय चहा उकळणारे घर विरळाच. त्या पातीतले सुगंधी तेल काढण्यासाठी मी जुन्या कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवली, तेव्हा शेजारच्या शिक्षकांनी रास्त शंका काढली. या तेलाचा मुख्य घटक सिट्रल सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळतो; मग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या आपल्या गावात ९८ अंशांच्या आसपास उकळणाऱ्या पाण्याबरोबर तो येतो कसा?

प्रत्येक द्रवातून कोणत्याही तापमानाला थोडी वाफ सुटतच असते आणि तिचा दाब वातावरणाच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळे कोणीही दुसऱ्याची वाफ अडवत नाही, आणि दोघांच्या बाष्पदाबांची सरळ बेरीज होते. पोते उचलताना एकाने जवळजवळ सगळा भार घ्यावा आणि दुसऱ्याने नुसता हात लावावा, तशी ही बेरीज वातावरणाचा दाब गाठते. म्हणूनच हे मिश्रण पाण्याच्या स्वतःच्या उत्कलनबिंदूच्याही किंचित खाली उकळते. वाफेत तेलाचे रेणू थोडेच असतात, पण सिट्रलचा रेणुभार १५२ आणि पाण्याचा १८ असल्याने एकेक रेणू आठ पाण्याच्या रेणूंहून जड भरतो. निसर्गाचा हा हिशेब मला विलक्षण सुंदर वाटतो.

त्यामुळे आच वाढवून तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त सुटते आणि ती थंड करणे अवघड होते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. एवढ्याने नळीचे वेटोळे बुडवलेल्या बादलीतले १८ लिटर पाणी ३० अंशांनी तापते. बादलीत थंड पाणी तळाशी सोडावे आणि गरम पाणी वरून वाहू द्यावे.

पात जाळीवर ठेवावी आणि नळीचे तोंड सदैव मोकळे असावे, कारण चोंदलेली नळी म्हणजे बंद कुकर. याच साधनाने दारू गाळणे मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. असा अर्क ‘केमिकलविरहित’ असून मधुमेह बरा करतो, हा प्रचारही खोटा आहे. सिट्रल हे रसायनच आहे.

गाळलेले पाणी अरुंद मानेच्या काचेच्या बाटलीत धरावे. तेल पाण्याहून हलके असल्याने मानेत फिकट पिवळा थर जमतो आणि तो ड्रॉपरने उचलता येतो.