ऑस्कर टाकीच्या मापाने वाढत नाही

‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो’ हे शोभेच्या माशांच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही.

ऑस्कर हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. दुकानात दोन इंचांचं पिल्लू दिसतं, पण नीट जोपासलं तर वर्षभरात ते दहा इंचांच्या आसपास जातं आणि पुढे फूटभर होतं. तो दहा वर्षं सहज जगतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, ती टाकीचं माप ओळखून नव्हे. त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारा विषारी अमोनिया थोड्या पाण्यात लगेच साचतो. कल्ले भाजल्यासारखे लाल होतात, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. अशा खुरटलेल्या माशाला ‘मापात बसला’ म्हणणं माझ्या मनाला फार लागतं.

एकटाच पाळायचा असेल तर ऑस्कर खरोखर सुंदर निवड आहे. झाकण उचललं की तो काचेशी येऊन तुमच्याकडे टक लावून बघतो. पण आधी चार फुटी, निदान 250 लिटरची टाकी आणि दणकट फिल्टर घ्या. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवून.