विसाचे दान आणि तीन उत्तरे

भूमिकाखेळ खेळायला टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. चौघांपुढे आपापल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद आहे, तर पाचवा, म्हणजे गेम मास्टर, पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसून राक्षसांपासून वाटसरूंपर्यंत उरलेल्या साऱ्या जगाची बाजू सांभाळतो आहे. तीन तास जपून खेळलेल्या एका खेळाडूचे पात्र जखमी अवस्थेत एका अजस्र राक्षसासमोर उभे आहे. राक्षसाच्या वारासाठी पडद्याआड वीस बाजूंचा फासा पडतो आणि दान येते विसाचे, म्हणजे सर्वांत मोठे. नियमाप्रमाणे आता इजा ठरवणारे फासे दुप्पट टाकायचे, म्हणजे पात्र बहुधा मरणार. हे दान गेम मास्टरखेरीज कोणीही पाहिलेले नाही. त्याने ते आहे तसे सांगावे, की ‘वार हुकला’ असे म्हणून वेळ मारून न्यावी?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रश्न या खेळाच्या मागे लागलेला आहे. भातुकलीत भूमिका असतात पण हारजीत नसते. बुद्धिबळात हारजीत असते पण घोड्याला स्वभाव नसतो. टेबलावरच्या भूमिकाखेळात मात्र भूमिका, डावपेच आणि नशीब एकाच ताटात वाढलेले असतात, आणि त्यातले कोणते आधी खायचे हे नियमपुस्तक सांगत नाही. १९८० मध्येच ग्लेन ब्लॅको यांनी ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या नियतकालिकात खेळण्याच्या चार तऱ्हा वर्णन केल्या होत्या. पुढे १९९७ च्या सुमारास खेळाडूंच्या आपसातील वादांतून त्रिविध प्रारूप आकाराला आले: निर्णय घेताना काही जण कथा रंगावी हे पाहतात, काही जण आव्हान न्याय्य राहावे हे पाहतात, तर काहींना त्या कल्पित जगाचे कार्यकारण अबाधित राहायला हवे असते.

या प्रारूपाची खरी करामत विसाच्या दानापाशी दिसते. कथेचा पक्षपाती म्हणेल की असे आडवाटेचे मरण कथानकाला मारक आहे, म्हणून दान बदला. आव्हानाचा पक्षपाती म्हणेल की दान बदलले तर तीन तासांच्या सावधगिरीला अर्थ उरत नाही. तिसरा म्हणेल की राक्षसाच्या सोट्याला समोरचा माणूस कथेचा नायक आहे हे ठाऊक नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा निर्णय एकच आहे, कारणे मात्र निराळी आहेत, आणि पुढच्या एखाद्या प्रसंगी ती कारणे त्यांना समोरासमोर उभी करतील.

व्यवसायाने जीवशास्त्रज्ञ असलेले रॉन एडवर्ड्स यांनी २००१ च्या सुमारास या मांडणीला नवे रूप दिले आणि दोन दावे जोडले. पहिला असा की ही विशेषणे माणसांची नसून टेबलावर प्रत्यक्ष घडणाऱ्या खेळाची आहेत. दुसरा असा की जे नियम सर्वच तऱ्हांना खूश करू पाहतात, ते विसंगत ठरतात आणि खेळाडूंचा विरस करतात. पहिला दावा मला महत्त्वाचा वाटतो, पण तोच सर्वांत आधी विसरला गेला. ‘तू कोणत्या गटातला?’ हा प्रश्न जातीच्या दाखल्यासारखा विचारला जाऊ लागला. दुसरा दावा मला तितकासा पटत नाही, कारण अनेक तऱ्हांची सरमिसळ करणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च आजही या प्रकारातील सर्वाधिक लोकप्रिय खेळ आहे.

माणसांचे कप्पे करण्याविरुद्ध शेजारच्या क्षेत्रातून पुरावाही मिळतो. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० ऑनलाइन खेळाडूंच्या उत्तरांचे घटक-विश्लेषण केले, म्हणजे कोणती उत्तरे एकत्र आढळतात हे संख्याशास्त्राने तपासले, तेव्हा त्यांना प्रकार नव्हे तर कमी-अधिक प्रमाणात सर्वांतच आढळणाऱ्या दहा प्रेरणा मिळाल्या, आणि त्यांचे यश, सहवास व तल्लीनता असे तीन गट पडले. यशाची ओढ असलेल्या खेळाडूला सहवासाची आवड कमी असते असे दिसले नाही. हे निष्कर्ष ऑनलाइन खेळांचे आहेत, ते टेबलावर जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत; परंतु उंचीप्रमाणे मोजायच्या गोष्टीला रक्तगटासारखे वाटून टाकणे धोक्याचे आहे, एवढे त्यावरून नक्की समजते.

मग भाकिते वर्तवण्यात कच्च्या असलेल्या या सिद्धांतांचा उपयोग काय? एक उपयोग खेळ रचणाऱ्यांना झाला. एडवर्ड्स यांच्या भोवतीच्या वर्तुळातून आलेल्या व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (२००४) या खेळात पात्रे गावोगाव फिरून धर्माचा निवाडा करणारे तरुण असतात. वाद शब्दांनी सुरू होतो. हरू लागलेल्या खेळाडूला आणखी फासे हवे असतील, तर त्याने धक्काबुक्कीवर, मग हाणामारीवर आणि शेवटी बंदुकीवर उतरावे लागते. ‘आपले म्हणणे खरे करण्यासाठी तू कुठवर जाशील?’ हा नैतिक प्रश्न इथे फाशांच्या हिशेबातच गुंफलेला आहे, आणि पडद्याआड दान बदलण्याची गरजच उरत नाही. नेमकी कोणती मजा हवी हे आधी ठरवल्याशिवाय अशी रचना सुचणे कठीण होते.

दुसरा उपयोग साध्या टेबलावरचा आहे. ‘तुम्ही चुकीचे खेळता’ याऐवजी ‘मला न्याय्य आव्हान हवे होते, तुम्ही कथा वाचवली’ असे म्हणता येऊ लागले, की भांडणाचा मुद्दा माणसावरून निर्णयावर सरकतो. बरेच गट आता मोहिमेपूर्वी, म्हणजे अनेक बैठकांतून चालणारी कथा सुरू करण्यापूर्वी, ‘सेशन झीरो’ नावाची बैठक घेतात आणि कोणत्या तऱ्हेने खेळायचे हे तिथे ठरवतात. आमच्या गटाने अशाच एका बैठकीत तासभर वाद घालून पडदा काढून टाकला आणि सर्व फासे टेबलाच्या मधोमध टाकायचे ठरवले. उघड्या फाशांच्या बाजूने सर्वांत हिरिरीने मीच बोललो होतो, आणि त्यानंतर माझी दोन पात्रे मेली.