पॅकेज अडतं कुठे?

कुडाळमधल्या एका छोट्या ठेकेदाराच्या ऑफिसात ई-निविदा भरायची होती. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली, आणि त्यावर डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. पडद्यावर ओळ आली होती: ‘डिपेंड्स: लिबएसएसएल१.१ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’. ‘ह्या काय म्हणता ता माका कळना नाय,’ हिशेब बघणारा मुलगा म्हणाला, ‘आणि टेंडराची मुदत सांजेक संपता.’

ओळ सरळ आहे. टोकनच्या सॉफ्टवेअरला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) १.१ ही आवृत्ती हवी आहे आणि या उबुंटूच्या भांडारात, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरवायचं त्या अधिकृत साठ्यात, ती ठेवलेलीच नाही. ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आली. एप्रिल २०२२ च्या उबुंटूने ती घेतली आणि जुनी काढून टाकली. टोकनवाल्यांनी आपलं पॅकेज (बसवायला तयार गाठोडं) त्याआधी कधीतरी बांधलं आणि मग त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. अवलंबित्वाच्या, म्हणजे डिपेंडन्सीच्या, बहुतेक तक्रारी मला याच जातीच्या दिसतात: भांडाराबाहेरून आणलेलं एखादं पॅकेज आणि त्याने मागितलेली भलतीच आवृत्ती. (निविदा त्या दिवशी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून भरली.)

मुळात एका प्रोग्रामला दुसऱ्याची गरज का पडावी? सही तपासणं, चित्र उलगडणं, फाइल दाबून लहान करणं ही कामं लिनक्सवर सामायिक लायब्रऱ्या करतात आणि शेकडो प्रोग्राम त्यांच्या जिवावर चालतात. डिस्कवर प्रत एकच लागते. ओपनएसएसएलमध्ये सुरक्षेची चूक सापडली तर एक पॅकेज बदललं की ते वापरणारे सगळेच सुधारतात. यातली अडचण सिंधुदुर्गातल्या माणसाला भजनावरून लगेच कळेल. गायला एका बुवांना पेटीची काळी चार ही पट्टी लागते, दुसऱ्यांना पांढरी पाच, आणि एकच पखवाज एका वेळी दोन्ही सुरांत लावता येत नाही. म्हणून डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला, प्रत्येक मंडळ आपला पखवाज आपण घेऊन येतं. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धतींनी हाच मार्ग धरला आहे. प्रोग्रामला लागणारं सामान यंत्रणेच्या लायब्रऱ्यांपासून वेगळं ठेवायचं. मात्र एवढ्याशा प्रोग्रामपायी शेकडो एमबी उतरवावे लागू शकतात, आणि घाटाच्या पायथ्याशी रेंजची एकच काडी असेल तर ते भारी पडतं.

सामायिक ठेवायचं म्हटलं की गणित आलं. उबुंटू ज्या डेबियन प्रणालीवर उभी आहे, तिच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. प्रत्येकाच्या अटी असतात: मला हे हवं; हे नसेल तर ते चालेल; अमुक आवृत्तीपासून पुढचं हवं; तमुक असेल तर मी येणार नाही. तीस पॅकेजांपैकी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, एवढ्याचेच १०७ कोटींवर पर्याय होतात. २००६ च्या सुमारास युरोपातल्या ‘इडॉस’ प्रकल्पातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट (अवघड कोड्यांच्या एका वर्गातला) आहे. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये तर्कविधानांच्या ज्या कोड्याबद्दल हेच सिद्ध केलं होतं, त्याच्याच जातकुळीतला. कुठल्याही परिस्थितीत झटपट उत्तर मिळेलच, अशी हमी देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. तरी रोजच्या वापरात उत्तर क्षणात मिळतं, कारण भांडार सांभाळणारे स्वयंसेवक मुळातच गुंता वाढू देत नाहीत. त्यांचं हे काम सहसा कुणाच्या नजरेत येत नाही.

ओपनसुसे आणि फेडोरा या लिनक्स प्रणाली हे कोडं सोडवायला खास सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा प्रोग्राम, वापरतात. डेबियन-उबुंटूतला पॅकेजं बसवणारा ॲप्ट मात्र वर्षानुवर्षं गुण देत, अंदाज बांधत पुढे जायचा. २०२५ च्या ॲप्ट ३.० मध्ये त्यालाही नवा सॉल्व्हर मिळाला. अंदाजाचा घोळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिला. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला यूट्यूबर पॉप ओएस या उबुंटूवर आधारित प्रणालीवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर बसवत होता. पॅकेजांत गडबड होती, आणि ॲप्टला सुचलेला मार्ग होता अख्खा डेस्कटॉपच काढून टाकण्याचा. ॲप्टने इशारा दिला, ‘येस, डू ॲज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते केलं आणि डेस्कटॉप गेला. तेव्हा काय बसणार याच्या आधी ‘रिमूव्ह्ड’ या शब्दाखालची यादी वाचावी. ती लांबलचक असेल तर उत्तर ‘नाही’.

जबरदस्तीचे इतर प्रकारही असतात. नव्या लायब्ररीला जुन्या नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) जोडून प्रोग्रामला फसवायचं, हा त्यातला लोकप्रिय. ओपनएसएसएलपुढे तो चालत नाही, कारण लायब्ररीच्या आत प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो; प्रोग्राम सुरू होतानाच तो शिक्का शोधतो आणि थांबतो. जुन्या उबुंटूतून १.१ ची पॅकेज फाइल आणून बसवली तर दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात, हे खरं. पण १.१.१ चा सर्वसाधारण आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. पैशाच्या व्यवहारांवर सही करणाऱ्या मशीनवर मी ती ठेवणार नाही. टोकन विकणाऱ्याकडेच नवं पॅकेज मागावं, हवं तर तगादा लावावा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते: अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट जाते. इथे डीपीकेजी या खालच्या थरातल्या अवजाराची रचना उपयोगी पडते. नवी फाइल आधी ‘डीपीकेजी-न्यू’ असं शेपूट लावून लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच मूळ नावावर येते. पॅकेज उलगडणं आणि ते जुळवून चालू करणं हे टप्पे वेगळे आहेत. कोण कुठवर आलं याची नोंद डिस्कवर असते. लाइट आली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्यावं (टाइप अर्थातच रोमन लिपीत). बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. एका वेळी एकानेच पॅकेजं हाताळावीत म्हणून असलेली ‘लॉक’ फाइल पुसून टाका असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नये. पडद्यामागे आपोआप अपडेट चालू असण्याचीच शक्यता जास्त, थोडा वेळ थांबावं. आणि रेंज असेल तेव्हा ‘--डाउनलोड-ओन्ली’ लावून पॅकेजं नुसती उतरवून ठेवता येतात. ती ॲप्टच्या साठ्यात राहतात. दुसऱ्या दिवशी नेट नसलं तरी बसवता येतात.