पीअर रिव्ह्यू

संशोधनपत्रिकेकडे आलेला शोधनिबंध छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या इतर अभ्यासकांकडून तपासून घेण्याची पद्धत. मराठीत तिला समकक्ष समीक्षा किंवा तज्ज्ञ-परीक्षण असेही म्हणतात.

निबंध प्रथम संपादक वाचतो. पत्रिकेच्या विषयात न बसणारे किंवा उघडच कच्चे निबंध तो तिथूनच परत पाठवतो. उरलेले बहुधा दोन-तीन परीक्षकांकडे जातात. पद्धत चोख आहे का, निष्कर्ष पुराव्यापेक्षा जास्त ताणले आहेत का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, हे त्यांनी पाहायचे. या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. अध्यापन आणि स्वतःचे संशोधन सांभाळून ते करायचे असते, म्हणून अहवालाला महिनोन्महिने लागतात. अहवाल आल्यावर स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती की नकार, हे संपादक ठरवतो. परीक्षकांचे मत सल्ल्यापुरतेच.

बहुतेक विज्ञानपत्रिकांत परीक्षकाला लेखकाचे नाव कळते, लेखकाला परीक्षकाचे नाही. मानव्यविद्यांत दोन्ही नावे झाकण्याची रीत जास्त. छोट्या विषयात मात्र हे झाकणे नावापुरतेच, कारण संदर्भसूची पाहूनच लेखक ओळखू येतो. काही पत्रिका अहवाल उघडपणे छापतात.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये निघाले, तेव्हा काय छापायचे हे सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग ठरवत. १७५२ मध्ये निवडीसाठी समिती आली आणि लेखी अहवाल १८३०च्या दशकात सुरू झाले. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने बाहेरच्या परीक्षकांचे मत घेणे १९७३ मध्ये नियमित केले. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३चा निबंध तिथे अशा परीक्षणाविनाच छापला गेला.

आईनस्टाईन यांना हा प्रकार खटकला होता. १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी नसतातच, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाला दाखवला आणि आक्षेपांसह परत पाठवला. छापण्याआधी निबंध इतरांना दाखवण्याची मुभा आपण दिली नव्हती, असे कळवून आईनस्टाईन यांनी तो मागे घेतला. १९३७ मध्ये तो दुसऱ्या पत्रिकेत आला, पण निष्कर्ष बदलून. परीक्षकाची शंका रास्त ठरली होती. ते परीक्षक एच. पी. रॉबर्टसन होते, हे पत्रिकेच्या नोंदींवरून पुढे कित्येक दशकांनी पक्के झाले.

परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. समोरची आकडेवारी खरी धरूनच तो वाचतो. त्यामुळे तर्कातली चूक सापडते, बनावट आकडे बहुधा निसटतात. काही पत्रिका तर परीक्षणाचा नुसता देखावा करतात. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला निबंध ३०४ खुल्या, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या, पत्रिकांकडे पाठवला, तेव्हा १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला.

भारतात बढती आणि पीएच.डी.साठी प्रकाशनांची अट आल्यावर पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक पत्रिका वगळल्या. त्यानंतर आयोगाने केलेल्या 'यूजीसी-केअर' या मान्य पत्रिकांच्या यादीची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होती. २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद केली आणि पत्रिकांची पारख करण्याचे काम विद्यापीठांवर सोपवले.