सरकारी मदतीच्या इतक्या खिडक्या का? नाशिकच्या लघुउद्योगांची पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेऊन, एक लेथ यंत्र टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांच्या ऑर्डरचं काम, सुरू करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात चार सल्ले मिळतात. जिल्हा उद्योग केंद्रात जा. बँकेत मुद्रा कर्ज माग. खादी मंडळात विचार. आणि चौथा, ‘माझा माणूस आहे, तो सगळं करून देतो.’ पहिले तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कोणता कशासाठी हे सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून चौथ्याचं फावतं. खिडक्या इतक्या झाल्या कारण प्रत्येक काळात सरकारला लहान उद्योजकाची वेगळी अडचण दिसली. तिच्यासाठी नवी व्यवस्था आली आणि जुन्या व्यवस्थाही बऱ्याचशा तशाच चालू राहिल्या.

सुरुवात रोजगाराच्या काळजीतून झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत, १९५५ मध्ये, अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांना आधार देण्याची शिफारस केली. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघालं, तर १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला. आजही काही कर्जप्रकरणं खादीच्या कार्यालयातून जातात, त्याचं मूळ इथे आहे.

साठच्या दशकातली अडचण जागेची होती. कारखाने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटले होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली, तिचा हेतूच उद्योग त्या पट्ट्याबाहेर नेण्याचा होता. नाशिकला याचा मोठा फायदा झाला. ओझरला विमानांचा कारखाना, सातपूरला मायको (आताची बॉश), महिंद्रा, पुढे अंबडची वसाहत. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे व्हेंडर त्यांच्या आजूबाजूला उभे राहिले. इथल्या लघुउद्योगाची ताकद त्यातून आली, आणि दुखणंही. त्याकडे पुढे येतो.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान उद्योगाला कर्ज देणं हे बँकेचं कर्तव्य ठरलं. तरीही तालुक्यातल्या माणसाला यंत्रासाठी एक दार, परवान्यासाठी दुसरं, कर्जासाठी तिसरं, अशी पायपीट होतीच. जनता सरकारच्या डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणाने त्यावर उपाय काढला: हे सगळं जिल्ह्याच्या पातळीवर एका छताखाली आणायचं. १ मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला. नाशिकचं केंद्र सातपूरच्या उद्योग भवनात आहे.

कल्पना चांगली होती, आजही आहे. गैरसमज होतो तो एका गोष्टीमुळे. उद्योग केंद्र स्वतः मुख्य कर्ज देत नाही. ते अर्ज तपासून शिफारस करतं, कर्ज मंजूर करायचं की नाही हे बँक ठरवते. दोन जुन्या योजना एकत्र करून २००८ मध्ये आलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम असो की २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींत हाच क्रम आहे. पंतप्रधान कार्यक्रमात प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. शहर की खेडं, सर्वसाधारण की विशेष प्रवर्ग, यावर टक्केवारी ठरते. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. हे आधी माहीत नसल्याने अनेकांचं गणित चुकतं. पहिल्या अर्जासाठी उद्योग नवाच हवा, हीसुद्धा अट आहे.

वेगवेगळ्या समाजघटकांना कर्जसाहाय्य देण्यासाठी वेगळी महामंडळं निघाली. १९७८ चं महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, १९९८ चं अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ. आदिवासींसाठीच्या शबरी महामंडळाचं तर मुख्यालयच नाशिकमध्ये आहे. पेठ-सुरगाण्याच्या तरुणाने आधी तिथेच चौकशी करावी.

पुढची अडचण तारणाची. वडिलांच्या नावावर घर नाही, शेतीवर आधीच बोजा, मग बँकेला काय दाखवायचं? ऑगस्ट २००० मध्ये कर्जहमी निधी सुरू झाला. त्यात कर्ज बुडालं तर ठरावीक वाट्याची भरपाई बँकेला मिळते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म-लघु उद्योगांकडून तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये बँकांना बजावलं. बिनतारण छोट्या कर्जांची २०१५ ची मुद्रा योजना याच वाटेने आली. शाखेत कोणी तारणावर अडून बसलं, तर या नियमाचं नाव नम्रपणे पण स्पष्टपणे घ्यावं.

आता त्या दुखण्याकडे. व्हेंडरचा माल वेळेत जातो, पैसे वेळेत येत नाहीत. नव्वद, एकशेवीस दिवस थांबायचं, तोवर कामगारांचा पगार आणि वीजबिल स्वतःच्या ओव्हरड्राफ्टमधून भरायचं. यासाठी १९९३ मध्ये पहिला कायदा झाला, पण खरा जोर आला तो २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे करायची, आणि २०१७ पासून ती ऑनलाइन करता येते. माझ्या मते लहान कारखानदारासाठी कोणत्याही अनुदानापेक्षा हा कायदा मोलाचा आहे. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तो वापरला जात नाही, आणि ही भीती खोटी नाही.

या सगळ्याची किल्ली म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगाची सरकारदरबारी होणारी नोंद. १ जुलै २०२० पासून ती उद्योग आधार या जुन्या नोंदणीच्या जागी आली. ती पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, तरी तिच्यासाठी लोक एजंटला पैसे मोजतात. माल देण्याआधीच ती करून ठेवावी, नंतर केली तर थकबाकीच्या दाव्यात वाद निघतो.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यानेही यात हात घातला. सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा पुरवठादाराचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्र आता खरेदीदारच मागून घेऊ लागले आहेत.