हवा सगळ्यांची, तार एकेकाची

छोटे कार्यालय थाटताना टेबले, खुर्च्या आणि दिवे यांचा विचार बारकाईने होतो आणि नेटवर्कचा विषय मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो. तोवर भिंतींना रंग लागलेला असतो, त्यामुळे ‘आता कुठे फोडाफोड करायची, वायफायच लावून टाकू’ असे ठरते. हा निर्णय दर वेळी चुकतोच असे नाही. पण तो ज्या आकड्यांवर बेततात, म्हणजे राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेला वेग, ते आकडे फारसे उपयोगाचे नसतात. तो वेग किती जणांत आणि कोणत्या रीतीने वाटला जातो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

गंमत अशी की आजच्या तारेच्या नेटवर्कचा जन्म बिनतारी नेटवर्कातून झाला आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अॅब्रम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली अलोहानेट सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओलहरींच्या साहाय्याने एका मध्यवर्ती संगणकाशी बोलत आणि त्या सगळ्यांना मिळून बोलण्याची वाहिनी एकच होती. दोन यंत्रे एकाच वेळी बोलली की दोघांचेही संदेश विस्कटत. मग प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे, असा साधा नियम होता. अशा मोकाट नियमाने वाहिनीच्या क्षमतेचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो, हे गणिताने दाखवता येते. बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना सुधारून १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तारेवर आणली आणि तिला ‘इथरनेट’ हे नाव दिले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञ मानत, त्या ‘ईथर’वरून हे नाव घेतलेले आहे.

सुरुवातीच्या इथरनेटमध्येही सर्व संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत आणि तिथेही संदेशांची टक्कर होई. पुढे स्विच, म्हणजे प्रत्येक संदेश ज्याचा त्याच्याकडेच पाठवणारी जोडणीची पेटी, आला, प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतःची केबल मिळाली, येणारी आणि जाणारी माहिती एकाच वेळी वाहू लागली आणि टक्कर हा प्रकारच संपला. वायफायला ही सोय कधी मिळू शकली नाही, कारण हवेचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी हवा देता येत नाही.

ही अडचण किती खोलवर आहे, ते एका हिशेबाने कळते. समजा, राउटर १०० मिलिवॅट शक्तीने लहरी सोडतो. वायफायचे बळ डेसिबल-मिलिवॅट या मापात सांगतात; त्यात १०० मिलिवॅट म्हणजे २० आणि दर १० ने उतरले की शक्ती एक दशांश होते. दोन भिंतींपलीकडच्या लॅपटॉपवर हे बळ उणे ७० दिसले, तर याचा अर्थ तिथे पोहोचलेली शक्ती मूळ शक्तीच्या एक अब्जांश आहे. उलट दिशेनेही साधारण तसेच घडते. इतक्या क्षीण आवाजात दुसरे कोणी बोलत असेल, तर स्वतः मोठ्याने बोलत असताना तो ऐकणे रेडिओला शक्य नसते. म्हणून वायफायची यंत्रे टक्कर ओळखण्याच्या भानगडीत न पडता ती टाळू पाहतात: आधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी वाटली तरी थोडा वेळ थांबायचे, मग पाठवायचे आणि पोच मिळेपर्यंत वाट पाहायची. या शिष्टाचारात बराच वेळ जातो आणि खोक्यावरच्या आकड्यातून तो वजा केलेला नसतो.

त्यातच एक कमी दिसणारा तोटा आहे. १५०० बाइटचा एक संदेश सेकंदाला ६०० मेगाबिटच्या वेगाने पाठवायला नुसत्या बिटांचे २० मायक्रोसेकंद पुरतात. कोपऱ्यात बसलेला, क्षीण संकेतामुळे ६ मेगाबिटवर घसरलेला लॅपटॉप तेवढ्याच संदेशासाठी २००० मायक्रोसेकंद हवा अडवून ठेवतो. म्हणजे एका दूरच्या टेबलामुळे राउटरशेजारी बसलेल्यांचेही काम मंदावते. फायली उतरवताना हे एक वेळ खपून जाते, पण दृक्‌श्राव्य बैठकीत विलंब सतत कमीजास्त होऊ लागला की आवाज तुटतो. तिथे सरासरी वेग कितीही असला तरी उपयोग नसतो.

वारंवारतेची निवडही तडजोडीचीच असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी, ज्यांची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते, भिंती त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडतात. मात्र त्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आणि शेजाऱ्यांचे राउटर व मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही त्यातच गर्दी. ५ गिगाहर्ट्‌झला वाहिन्या भरपूर मिळतात, पण जाड भिंत आली की संकेत लवकर गळतो.

आता केबलकडे पाहू. नेटवर्कच्या केबलचे बाहेरचे आवरण सोलले की आत आठ तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. जरा निरखून पाहिले तर चारही जोड्यांचा पीळ सारखा नसल्याचे लक्षात येते. जोडीतल्या दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत जातो आणि दुसऱ्या टोकाला दोघींमधला फरक तेवढा मोजला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. आणि पीळ वेगवेगळे ठेवल्याने शेजारच्या जोड्याही एकमेकींत फारशी लुडबूड करत नाहीत. ही युक्ती मुळात टेलिफोनची आहे आणि तिचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ साली मिळाले. तिच्याच जोरावर कॅट ५ई जातीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते.

केबलही रुसते, पण तिचे रुसणे शोधता येते. माझ्याकडे फायली साठवणारा संगणक कित्येक आठवडे संथ चालत होता आणि मी उगाच त्याच्या डिस्कवर संशय घेत होतो. शेवटी स्विचवरचा वेग दाखवणारा दिवा पाहिला, तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरलेली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. प्लगमधली एक तार नीट दाबली गेली नव्हती आणि यंत्रांनी तक्रार न करता कमी वेगावर आपसांत समझोता करून टाकला होता. नवा प्लग बसवल्यावर पाच मिनिटांत प्रश्न मिटला. केबल विकत घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हेही पाहावे, कारण अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबलीही सर्रास विकल्या जातात.

माझ्या मते जे जागचे हलत नाही, ते तारेवर असावे: टेबलावरचे संगणक, प्रिंटर, फायलींचा साठा, भिंतीवरचे कॅमेरे. मोबाइल, हातात घेऊन फिरायचे लॅपटॉप आणि पाहुण्यांची उपकरणे यांच्यासाठी हवा मोकळी ठेवावी; जितकी स्थिर यंत्रे तारेवर जातील, तितके वायफाय आपोआप सुधारते. वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट स्वतः मात्र केबलनेच जोडावा. दोन अॅक्सेस पॉइंट एकमेकांशी हवेतूनच आणि त्याच वाहिनीवर बोलू लागले, तर प्रत्येक संदेश दोनदा हवेत जातो आणि वेग निम्म्यावर येतो. अॅक्सेस पॉइंटला वीज देण्यासाठी वेगळा बोर्डही लागत नाही, कारण २००३ च्या मानकानुसार बनवलेला स्विच त्याच केबलमधून १५.४ वॅटपर्यंत वीज पुरवू शकतो.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगायचे तर वायफायचा संकेत कार्यालयाच्या भिंतीपाशी थांबत नाही, म्हणून संदेश सांकेतिक करणाऱ्या पद्धतींपैकी डब्ल्यूपीए२ किंवा शक्य असल्यास डब्ल्यूपीए३ वापरावी आणि पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवावे. त्याच कामाची जुनी पद्धत डब्ल्यूईपी २००१ सालीच फोडली गेली आहे.

जागा भाड्याची असेल किंवा भिंती फोडता येणार नसतील, तर कडेकडेने प्लॅस्टिकची पट्टी लावून केबल नेता येते. दिसायला ती फार सुंदर दिसत नाही, एवढेच. भिंती अजून उघड्या असतील, तर प्रत्येक टेबलापाशी एकाऐवजी दोन केबली आणि छतात अॅक्सेस पॉइंटसाठी एक, अशा टाकून घ्याव्यात आणि भिंत बुजवण्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा.