पिशाच्चदर्शन, अद्भुत साहित्यातील

कथा, कादंबरी किंवा नाटकातील एखाद्या पात्राला मृत व्यक्तीचे रूप दिसते, तेव्हा ते त्या कथाविश्वात खरोखर वावरणारे पिशाच्च मानायचे की पाहणाऱ्याच्या मनाचा भास, हा साहित्यमीमांसेतील जुना वाद आहे. प्रत्यक्ष जगात भुते असतात की नाहीत, या प्रश्नाशी त्याची वारंवार गल्लत होते. भुतांवर तिळमात्र विश्वास नसलेला लेखक आपल्या कथेत खरे भूत आणू शकतो आणि परलोक मानणारा लेखक निव्वळ भासाची कथा लिहू शकतो. त्यामुळे निर्णय करायचा तो कथेच्या अंतर्गत नियमांवरून आणि निवेदनातून मिळणाऱ्या पुराव्यावरून.

मानसशास्त्रात भ्रम आणि निर्वस्तुभ्रम असा भेद करतात. दोरीच्या जागी साप दिसला तर तो भ्रम, कारण तेथे दोरी तरी असते. रिकाम्या खुर्चीत माणूस दिसला तर तो निर्वस्तुभ्रम. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल (१७७२–१८४०) याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भेद स्पष्ट केला. साहित्यचर्चेत ‘भास’ हा शब्द दोन्हींसाठी सैलपणे वापरला जातो व त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. दोरी नंतर सापडू शकते, रिकाम्या खुर्चीबाबत मात्र पाहणाऱ्याच्या मनाखेरीज शोधायला दुसरी जागाच उरत नाही.

प्राचीन कथावाङ्मयात हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) राजा त्रिविक्रमसेन खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आणि त्या प्रेतातील वेताळ त्याला कथा सांगतो. वेताळ आहे की नाही, अशी शंका राजाला येत नाही. त्याच्यापुढचा पेच कथेअखेरच्या प्रश्नाला उत्तर द्यावे की मौन पाळावे, एवढाच असतो.

शंका कथानकाचाच भाग बनते ती शेक्सपिअरच्या नाटकांत. हॅम्लेटमध्ये (सु. १६००) मृत राजाचे, म्हणजे हॅम्लेटच्या पित्याचे, भूत प्रथम पहारेकऱ्यांना आणि हॅम्लेटचा मित्र होरेशिओ याला दिसते, हॅम्लेटला नंतर. होरेशिओ तर आधी ही सारी कल्पनेची करामत समजत असतो. पुढे राणीच्या महालात तेच भूत हॅम्लेटला दिसते आणि शेजारी उभ्या असलेल्या राणीला दिसत नाही. शिवाय भूत खरे धरले, तरी ते पित्याचा आत्मा की पित्याचे रूप घेतलेला सैतान, ही शंका हॅम्लेट स्वतःच बोलून दाखवतो. तिच्यामागे त्या काळचा धर्मवाद आहे. मृतात्मे शुद्धिलोकातून (पापक्षालनाच्या परलोकातून) परत येऊ शकतात, ही कॅथलिक समजूत प्रॉटेस्टंटांनी नाकारली होती. झुरिकचा धर्मोपदेशक लुडविग लाव्हाटर याचा १५६९ मधील ग्रंथ १५७२ मध्ये इंग्रजीत आला. मृताचे म्हणून दिसणारे रूप बहुधा माणसांची लबाडी, मनाचा विकार किंवा सैतानाची माया असते, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकासमोर पर्याय दोन नव्हते, निदान तीन होते. आधुनिक चर्चेत सैतानाचा पर्याय गळून पडला आणि वाद नको तितका सोपा झाला.

इंग्रज अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग याने १९१७ मध्ये मात्र भूत हा हॅम्लेटचाच निर्वस्तुभ्रम असल्याचा सिद्धान्त मांडला. भाऊ क्लॉडियस याने कानात विष ओतून आपला खून केला, असे भूत सांगते. हॅम्लेट राजा झालेल्या क्लॉडियससमोर जे नाटक करवतो, त्याच्या आरंभीच्या मूकनाट्यात तोच प्रसंग जसाच्या तसा दाखवला जातो, तरी क्लॉडियस विचलित होत नाही. अर्थात खून त्या रीतीने झालाच नव्हता आणि भुताने सांगितलेला तपशील हॅम्लेटच्या मनातून आला, असा त्याचा युक्तिवाद. जॉन डोव्हर विल्सन याने याला दिलेले उत्तर १९३५ च्या ग्रंथात विस्ताराने येते : मूकनाट्य चालू असताना क्लॉडियसचे तिकडे लक्षच नसते. हे उत्तर रंगभूमीवर करून दाखवता येते, पण संहितेत त्याला थेट आधार नाही. तरीही पहारेकऱ्यांच्या साक्षीचे ग्रेगला समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही, हे लक्षात घेता डोव्हर विल्सनची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

मॅक्बेथमध्ये परिस्थिती उलट आहे. मॅक्बेथने मारेकऱ्यांकरवी मारवलेल्या बँकोचे भूत मेजवानीत फक्त त्यालाच दिसते, एक शब्दही बोलत नाही आणि मॅक्बेथला ठाऊक नसलेले काही उघड करीत नाही. लेडी मॅक्बेथ त्याला भीतीने रंगवलेले चित्र म्हणते आणि आधीच्या हवेतल्या खंजिराची आठवण देते. परंतु शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील फोलिओ या संग्रहात भूत प्रवेश करून मॅक्बेथच्या जागी बसते, अशी स्पष्ट रंगसूचना आहे. ग्लोब नाट्यगृहातील प्रयोग पाहिलेल्या सायमन फॉरमन याच्या टिपणातही भूत येऊन खुर्चीत बसल्याचा उल्लेख सापडतो. (टिपणावर २० एप्रिल १६१० अशी तारीख असली, तरी सोबतचा शनिवार १६११ शी जुळतो, म्हणून १६११ हेच वर्ष सामान्यतः ग्राह्य धरतात.) याउलट १७९४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नट जॉन फिलिप केंबल याने भूत रंगमंचावर न आणता रिकाम्या खुर्चीसमोर अभिनय केला. नट आणायचा की खुर्ची रिकामी ठेवायची, याचा निर्णय घेताच प्रेक्षकापुरता वाद मिटतो. गद्य कथेत ही सोय नाही.

केंबलच्या या प्रयोगामागे काळाचा कल दिसतो. बर्लिनचा प्रकाशक फ्रीड्रिख निकोलाई याला १७९१ मध्ये काही आठवडे मृत आणि जिवंत माणसांच्या आकृती दिसत होत्या. जळवा लावून रक्त काढल्यावर त्या नाहीशा झाल्या, असा वृत्तांत त्याने १७९९ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. त्यानंतर पिशाच्चदर्शनाचे वैद्यकीय विवेचन करणारे ग्रंथ येऊ लागले. याच सुमारास इंग्रज लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफ हिच्या कादंबऱ्यांत तर भयप्रद दृश्यांचा अखेरीस ऐहिक उलगडा करणे ही पद्धतच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च (स्थापना १८८२) या संस्थेने १७,००० जणांना प्रश्न विचारून १८९४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. जागेपणी, प्रत्यक्षात नसलेले काही दिसल्याचे, ऐकू आल्याचे वा स्पर्श झाल्याचे सुमारे दहा टक्के लोकांनी सांगितले होते. वेडाचे कोणतेही लक्षण नसलेला माणूसही असे दृश्य पाहू शकतो, ही गोष्ट कथालेखकांना त्यामुळे उपलब्ध झाली.

या वादाचे सर्वांत तपशीलवार उदाहरण हेन्री जेम्सची द टर्न ऑफ द स्क्रू (१८९८) ही दीर्घकथा. एकाकी वाड्यात दोन मुलांना सांभाळणारी तरुण शिक्षिका पीटर क्विंट हा नोकर आणि मिस जेसेल ही आधीची शिक्षिका, या दोन मृतांना पाहते. निदान तसे ती लिहिते. या आकृती आपल्यालाही दिसल्या, असे कथेत दुसरे कोणीही निःसंदिग्धपणे म्हणत नाही. तळ्याकाठी शेजारी उभ्या असलेल्या मिसेस ग्रोस या वाड्याच्या कारभारणीलाही काही दिसत नाही.

ही सारी दृश्ये शिक्षिकेच्या मनाची उपज आहेत, हे मत अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन (डोव्हर विल्सनहून वेगळा) याच्या १९३४ मधील लेखामुळे प्रसिद्ध झाले आणि पुष्कळदा त्याच्याच नावावर सांगितले जाते. ते बरोबर नाही. एडना केंटन हिने १९२४ मध्येच त्या दिशेचे विवेचन छापले होते आणि विल्सननेही तिचे ऋण मान्य केले आहे. हॅरल्ड गोडार्ड याचा याच आशयाचा निबंध १९२० च्या सुमारास लिहिला गेला असावा, पण तो त्याच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये छापला गेला. लेखनाचा क्रम पाहिला तर गोडार्ड आधी, प्रकाशनाचा पाहिला तर केंटन. दोघे स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाशी आले असण्याचा संभव अधिक.

या मताची खरी अडचण वेगळीच आहे. शिक्षिकेने क्विंटला जिवंतपणी पाहिलेले नाही, त्याचे नावही ऐकलेले नाही. तरी दिसलेल्या माणसाचे लाल केस आणि डोक्यावर टोपी नसणे ती असे वर्णन करते की, मिसेस ग्रोस त्याला तत्काळ ओळखते. मन स्वतःकडे नसलेली माहिती कोठून आणणार? जेम्सची टिपणवही १९४७ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा मूळ कल्पना कँटरबरीच्या आर्चबिशपांकडून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टीची होती, हे १८९५ मधील नोंदीवरून स्पष्ट झाले. विल्सनने १९४८ मध्ये काहीशी माघार घेतली. पुढे जॉन सिल्व्हर याने १९५७ मध्ये असे सुचवले की, शिक्षिकेने मधल्या काळात गावात चौकशी करून क्विंटचे वर्णन मिळवले असावे. त्यावर विल्सन पुन्हा मूळ मताकडे वळला. सिल्व्हरचा तोडगा चतुर आहे, पण तो शिक्षिकेच्या निवेदनात नसलेली गोष्ट गृहीत धरतो. एकदा तसे गृहीत धरले की, कोणत्याही कथेतील कोणतेही भूत नाहीसे करता येईल.

दृश्य किती जणांना दिसले, ही नेहमी वापरली जाणारी कसोटी त्यामुळे तोकडी पडते. साक्षीदारांची साक्षही निवेदकाच्याच तोंडून येते. पाहणाऱ्याला अन्यथा कळू शकली नसती अशी माहिती त्या दृश्यातून मिळते का, ही कसोटी अधिक भरवशाची. तिच्यानुसार हॅम्लेटच्या पित्याचे भूत टिकते, बँकोचे टिकत नाही आणि क्विंटचे बहुतांशी टिकते.

साहित्यमीमांसक त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये या अनिश्चिततेलाच अद्भुताचे व्यवच्छेदक लक्षण ठरवले. वाचक ऐहिक आणि अतिमानवी स्पष्टीकरणांच्या मध्ये घुटमळतो, तोवरच अद्भुत. एका बाजूने निर्णय झाला की कथा विलक्षण कथांच्या किंवा चमत्कारकथांच्या प्रांतात जाते. जेम्सची कथा अखेरपर्यंत हा तोल राखते, असे तो मानतो. ही व्याख्या काटेकोर आहे, पण तिच्यात बसणाऱ्या कृती थोड्याच निघतात.

आजच्या अर्थाने जिला फँटसी म्हणतात, ती या व्याख्येबाहेर पडते. जे. आर. आर. टोल्किन याने १९३९ च्या आपल्या व्याख्यानात घडलेले सारे शेवटी स्वप्न ठरवणारी कथा परीकथेच्या कक्षेतून वगळली, कारण तिच्यामुळे निर्माण केलेल्या जगाचे सत्यच काढून घेतले जाते. अशा कथाविश्वात भूत हे इतर प्राण्यांसारखे एक सत्त्व असते आणि भास सिद्ध करण्याचे ओझे उलट्या बाजूवर येते. तेथे पात्राला शाप, विष किंवा जादूटोणा यांमुळे भास होऊ शकतो, पण तसे कथेत सांगावे लागते. खरे भूत आणि मंत्राने घडवलेले भूत यांतील सीमारेषा येथे सर्वांत धूसर असते, कारण मंत्राने घडवलेले रूपही त्या जगात खरेच असते.